उसातील रानडुक्कर आणि काडतुसाची निवड



आडसाली ऊस कांड्यावर आला की गट कार्यालयात दोन तक्रारी हमखास येतात. एक पाण्याच्या पाळीची आणि दुसरी रानडुकराची. पाळीचा निकाल आमच्या हाती नाही. रानडुकराचाही पूर्णपणे नाही, परंतु त्याबाबत चार उपयोगाच्या गोष्टी सांगता येतील, म्हणून हा लेख.

डुक्कर ऊस खाते ते आपल्यासारखे बेताने नव्हे. बुडाकडची कांडी दाताने फोडायची, रस चोखायचा, चोथा टाकायचा आणि पुढच्या उसाला तोंड लावायचे. एक ऊस खाताना चार आडवे होतात. पडलेल्या उसाला पांगशा फुटतात, उंदीर लागतो, उतारा घटतो आणि तोडणीची टोळी असा फड घ्यायला नाक मुरडते. नव्या लागणीत तर सरीतले बेणेच उकरून काढले जाते. एवढे सोसल्यावर शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येणे साहजिक आहे.

हल्ली तरुण सभासद मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकारीची चित्रे बघतात आणि आम्हाला विचारतात, "साहेब, हरणाला ही गोळी, डुकराला ती गोळी, असं तिकडं सांगत्यात. आपल्याला कुठली चालंल?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही देणार आहोत, पण थोडा वळसा घालून. कारण टेक्सासच्या मोकळ्या माळावर जे बरोबर असते तेच आपल्या फडात माणसाच्या जिवावर येऊ शकते.

तिकडे गोळी कशी निवडतात

टेक्सासमधली डुकरे मूळची तिथली नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरे नेली, ती सुटून रानटी झाली. पुढे शिकारीच्या हौसेपायी युरोपातील रानडुकरेही सोडण्यात आली आणि दोहोंचा संकर झाला. म्हणून तिकडचा कायदा त्यांना बाहेरून आलेला उपद्रव मानतो. खाजगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर २०१९ पासून तिथे डुकरासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. हरणाला मात्र तिथेही परवाना लागतो आणि ठरावीक हंगाम असतो. हे लक्षात ठेवा, कारण मोबाईलवरचा शिकारी हे सांगत बसत नाही.

त्यांच्या रायफलींची नावे ऐकून गोंधळ होतो. 'थर्टी-ऑट-सिक्स' हे एक नेहमीचे नाव घ्या. यातील तीस म्हणजे इंचाचे शंभरातील तीस भाग, अर्थात ७.६२ मिलिमीटर, हा नळीच्या भोकाचा व्यास. सिक्स म्हणजे १९०६ साल, त्या साली अमेरिकन सैन्याने हे काडतूस स्वीकारले. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. साडेपंधरा ग्रेन म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. हरणासाठी याच रायफलीत १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी पुरते. मोठ्या डुकरासाठी तिकडचे जाणकार १८० ग्रेनपर्यंत, म्हणजे पावणेबारा ग्रॅमपर्यंत जातात.

हा फरक का? हरणाची कातडी पातळ, बरगडी हलकी. लवकर फुलणारी हलकी गोळी तिथे काम करते. डुकराची घडण निराळी. वाढलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट थर असतो. नरानरांच्या झुंजीत सुळे अंगात घुसू नयेत म्हणून निसर्गाने दिलेली ती ढालच. लवकर फुटणारी गोळी त्या ढालीतच विरघळते आणि जनावर वरवर जखमी होऊन पळते. शिवाय डुकराचे काळीज हरणापेक्षा पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मधोमध असते. हरणाच्या अंदाजाने खांद्यामागे मारलेली गोळी डुकराच्या पोटात जाते. वर चरबी जखमेचे तोंड बुजवते, त्यामुळे रक्ताचा मागही लागत नाही.

वजनापेक्षाही गोळीची घडण महत्त्वाची. फौजी गोळीला शिशावर पूर्ण तांब्याचे कवच असते. ती फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. शिकारीच्या गोळीचे टोक उघडे, मऊ शिशाचे असते, तिला सॉफ्ट नोज म्हणतात. ती अंगात शिरल्यावर छत्रीसारखी उमलते आणि जनावर जागीच पडते. यात एक गंमत आहे. उमलणारी गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रशाळेमुळे जगभर 'दमदम' नावाने गाजली, आणि १८९९ च्या हेग येथील जाहीरनाम्याने युद्धात तिला बंदी घातली. शिकारीत नेमके उलट. तिथे फौजी गोळी वाईट, कारण ती जनावराला चटकन मारत नाही आणि आरपार जाऊन मागे कोण आहे ते बघत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणावर ती वापरायला मनाई आहे.

आपल्याकडचा कायदा

वडीलधाऱ्या सभासदांना शिकारीचे परवाने मिळायचे ते दिवस आठवत असतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपलीच. आज आपल्या देशात शौकासाठी हरीण मारता येत नाही, डुक्करही नाही. चितळ असो, भेकर असो, हात लावायचा नाही. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते. तेव्हा हरणाच्या गोळीचा विषय आपल्यापुरता इथेच मिटला.

रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आले. कायद्याचे अकरावे कलम सांगते की या अनुसूचीतील जनावर माणसाच्या जीविताला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. आपल्या राज्यात २०१५ साली शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरती ही वाट सोपी केली आणि अर्ज वनक्षेत्रपालांकडे करण्याची सोय झाली. लेखी परवानगी हातात नसेल तर बंदूक घरात राहू द्यावी. "अर्ज दिलाय की" असे म्हणून भागत नाही. परवानगीत क्षेत्र आणि मुदत लिहिलेली असते, तीही वाचावी.

दुसरा परवाना बंदुकीचा. दोन्ही वेगळे आहेत, एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्यांची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफल या सवलतीत नाही. बऱ्याच जणांना यात अन्याय वाटतो. आम्हाला मात्र हे शहाणपणाचे वाटते, आणि त्याचे कारण पुढे येतेच. ज्यांच्याकडे पूर्वीपासून परवान्याची ३१५ रायफल आहे त्यांनीही पुढचा भाग वाचावा.

आधी नळी तपासा, मग काडतूस

आपल्याकडे बहुतेक परवानाधारकांजवळ बारा बोअरची बंदूक आहे, अनेकांजवळ आजोबांपासून आलेली. बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या भोकात नेमका बसेल असा शिशाचा गोल घेतला तर असे बारा गोल मिळून एक पौंड वजन होते. भोक साधारण साडेअठरा मिलिमीटरचे. वीस बोअर म्हणजे वीस गोलांचा पौंड, अर्थात भोक लहान. आकडा वाढला की नळी बारीक, हे नवख्याला उलटे वाटते.

आता एक धोका नीट समजून घ्या. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते मागे अडकत नाही, पुढे सरकून नळीत रुतते. बाहेरून बघणाऱ्याला बंदूक रिकामी दिसते. तो त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते आणि डावा हात जातो. घरात दोन बोअरची काडतुसे एका डब्यात ठेवू नका. एकाच पिशवीत तर नकोच नको.

दुसरा धोका लांबीचा. जुन्या बंदुकांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, अडीच इंची अर्थात ६५ मिलिमीटरची असते. आज दुकानात मिळणारी बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची आहेत. फसगत अशी की न उडालेले काडतूस तोंडाशी दुमडलेले असल्याने जुन्या चेंबरात बिनबोभाट बसते. उडताना मात्र त्याची दुमड उघडते, तोंड नळीच्या अरुंद भागात जाते आणि दाब भलताच वाढतो. एखादी बंदूक असे दहा बार सहन करते, अकराव्याला उघडते. नळीच्या बुडाशी चेंबरची लांबी कोरलेली असते. ती वाचता येत नसेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती जुन्या पद्धतीने लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी समजावी आणि तिच्यात आजची काडतुसे घालू नयेत. ती भिंतीवरच शोभते.

ठासणीच्या बंदुकीत सळईचे तुकडे, सायकलच्या चाकातील गोळ्या असे काहीबाही भरण्याची काहींना सवय आहे. लोखंड नळी खरवडते, वेडेवाकडे उडते आणि दगडावर आपटून परत फिरते. हे कटाक्षाने टाळावे.

छर्रा की एकच गोळी

बारा बोअरच्या काडतुसावर एलजी, एसजी, बीबी किंवा नुसते आकडे छापलेले असतात. आकडेवाली काडतुसे पाखरांसाठी. बीबीचा छर्रा चार मिलिमीटरचा, एका औंसात सुमारे सत्तर बसतात, म्हणजे एकेक ०.४ ग्रॅमचा. तो डुकराच्या ढालीत अडकतो, जनावर चवताळते आणि आठ दिवसांनी उसात सडून वास सुटतो. "नुसतं भ्या दाखवायला बीबी मारली" असे सांगणारे भेटतात. जखमी करणे हाही शिकारीचाच गुन्हा आहे आणि ते जनावर पुढे कुणावर जाईल ते सांगता येत नाही.

एसजीचा छर्रा ८.४ मिलिमीटरचा आणि साडेतीन ग्रॅमचा, औंसात आठ. एलजी ९.१ मिलिमीटरचा, साडेचार ग्रॅमच्या वर, औंसात सहा. डुकरासाठी यातील एलजी बरे. मात्र पंचवीस-तीस पावलांच्या आतच. त्यापुढे छर्रे इतके पसरतात की अंगात एखाददुसराच बसतो आणि बाकीचे पुढे निघून जातात. हे पुढे निघून गेलेले छर्रे सहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सहाशे मीटरमध्ये आपल्या भागात किती वस्त्या येतात ते ज्याने त्याने आपल्या बांधावर उभे राहून मोजावे.

एकच गोळी असलेले काडतूस चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नेमके लागते आणि ढालही भेदते. ज्याचा नेम आहे आणि जो मचाणावर बसणार आहे त्याच्यासाठी आमची पसंती याला. परंतु दुनळी बंदुकीची डावी नळी बहुधा पुढे निमुळती असते, तिला चोक म्हणतात. चोकमधून जाण्यासाठी बनवलेलीच गोळी तिच्यात वापरावी. गावठी ओतलेला शिशाचा गोल चोकमध्ये अडकला तर नळी गेलीच समजा.

तीनशे पंधरा रायफलीबद्दल. आपल्या आयुध कारखान्यांच्या या रायफलीची गोळी आठ मिलिमीटरची, वजन २४४ ग्रेन, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅम, सॉफ्ट नोज. तिकडच्या १८० ग्रेनपेक्षाही ही जड आहे, तेव्हा डुकरासाठी हिच्यात कमी काहीच नाही. अडचण पुढची आहे. या जातीच्या रायफलीची गोळी चुकली किंवा आरपार गेली तर कित्येक किलोमीटर जाऊ शकते, म्हणजे दुसऱ्या गावाच्या शिवारात. रायफलीची परवानगी सहजी मिळत नाही त्याचे कारण हेच. बावीस बोअरची बारीक रायफल निरुपद्रवी वाटते, पण तिची अडीच ग्रॅमची गोळीही दीड किलोमीटरच्या पुढे जाते, आणि डुक्कर मात्र तिने पडत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

काडतुसे परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून घ्यावीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे आपल्या परिचयाची आहेत. पावसाळ्यात पत्र्याखाली, खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली काडतुसे फुगतात आणि पितळेला हिरवा गंज चढतो. असे काडतूस घासून-पुसून भरू नये. बार फुसका झाला, आवाज दबका आला, तर लगेच दुसरा बार न काढता बंदूक उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघावे. अर्धवट अडकलेली गोळी नळीतच असू शकते.

फडाच्या कडेला

उभ्या उसात बार टाकायचा नाही. पाचट हलले म्हणजे डुक्करच असे कुणी सांगितले? आज उसात बिबट्या असतो, पिलांसह मादी असते. रात्रीच्या विजेमुळे पाणी पाजणारा गडी असतो, परसाकडेला गेलेली बाई असते, तोडणीच्या दिवसांत टोळीतली पोरे असतात. यातले कुणीही पाचट हलवते. पूर्ण जनावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, उघड्यावर दिसल्याखेरीज चापाला बोट नाही.

सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मचाण. दहा-बारा फूट उंचीवरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते, हा तिचा खरा फायदा. डुकराची नजर बेताची असली तरी नाक फार तिखट, म्हणून मचाण वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जनावराकडून आपल्याकडे येईल असे बांधावे. फड आणि पाणंद यांच्यामधल्या उघड्या पट्ट्यात पंचवीस पावलांवर पांढऱ्या खुंट्या दिवसाच रोवाव्यात. खुंटीपलीकडच्या जनावराला जाऊ द्यावे. दगडी बांध, ओढ्यातले पाणी, विहिरीचे काठ यांच्या दिशेने मारू नये, गोळी उसळते. एका रात्री एका शिवारात एकच बंदूक. शेजारच्या बांधकरी मंडळींना, पाणी पाजणाऱ्याला आणि टोळीच्या मुकादमाला दिवसा सांगून ठेवावे, तेही "बघू, जमलं तर बसू" असे नव्हे, तर वेळ आणि जागा सांगून. हाका घालून दोन्ही टोकांना बंदुका उभ्या करण्याची जुनी रीत आता पूर्ण बंद व्हावी.

जनावर जखमी होऊन उसात शिरले तर त्याच्यामागे कुणी जाऊ नये. जखमी नर सरळ अंगावर येतो आणि सुळ्याने मांडीची शीर फाडतो. दिवस उजाडू द्यावा आणि वनखात्याच्या माणसांना बोलवावे. पडलेले जनावर सरकारी मालमत्ता असते, त्याची खबर अठ्ठेचाळीस तासांच्या आत दिली पाहिजे. मटणाचे वाटे घालणाऱ्यांवर परवानगी असूनही गुन्हा दाखल होऊ शकतो.

बंदूक नाही म्हणून काही जण तारेत घरगुती वीज सोडतात, काही दारूचे गोळे पेरतात. तारेने शेजाऱ्याचा पोरगा जातो आणि सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली जेल होते. दारूच्या गोळ्याने गाईचा जबडा उडतो. २०२० साली केरळात स्फोटके भरलेले फळ चावून गाभण हत्तीण मेली ते सर्वांनी वाचले आहेच. आपल्या गटात हे कुठे दिसले तर शेतकी विभागाला कळवावे. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्यात यंत्र क्षणभराचा झटका देते, जनावर घाबरते, मरत नाही. चार-पाच सभासदांनी सलग क्षेत्राला मिळून घातले तर खर्च आवाक्यात येतो, आणि खरे सांगायचे तर आमचा भर बंदुकीपेक्षा त्यावरच आहे. एक डुक्कर मारून कळप थांबत नाही. मादी पावणेचार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिले देते.

नुकसान झाले तर वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत पडलेला ऊस हलवू नये. सोबत सातबारा आणि ऊस नोंदीचा दाखला लागेल. दाखला आपल्या गट कार्यालयातून कामकाजाच्या वेळेत मिळेल. येताना नोंदीचा क्रमांक आणावा, म्हणजे लिपिकाला रजिस्टर चाळत बसावे लागणार नाही.